ताडोबाच्या बफरमध्ये तंबूंचा कॅम्प: उभारण्याआधी उतरवायचा कसा ते ठरवा

मला येणाऱ्या फोनपैकी निम्मे तरी एकाच प्रकारचे असतात, "मॅडम, ताडोबाजवळ पाच एकर घेतलीये, लक्झरी टेंट टाकायचेत, ड्रॉइंग कधी देता?" आणि माझं उत्तर ठरलेलं आहे, की ड्रॉइंग एक वर्षानी, आधी जमीन चारही ऋतूंत बघू. समोरचा नाराज होतो. पण गेल्या बारा-तेरा वर्षांत जे काही शिकले ते हेच की कॅम्पची डिझाइन म्हणजे तंबू कसा दिसतो हे नाही, तर तो तंबू उद्या काढून नेला तर त्या जागेवर काय उरेल हे आहे. तिथून सुरुवात केली की बाकीचे निर्णय, म्हणजे पाया कसला, पाणी किती, दिवे कुठे, आपोआप लागत जातात. सगळं सविस्तर लिहितेय, कारण चंद्रपूरच्या बाजूला भराभर कॅम्प उभे राहतायत आणि घाईत झालेली चूक जंगलाला वर्षानुवर्षं भोगावी लागते.

आधी कागद, मग कॅनव्हास

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा कोअर, म्हणजे आतला गाभा, साधारण ६२५ चौरस किलोमीटर आणि त्याच्याभोवती अकराशेच्या आसपास बफर, म्हणजे गावं-शेतं असलेला बाहेरचा पट्टा. मोहर्ली, कोळारा, नवेगाव, अलिझंझा, मदनापूर या सगळ्या गेटांच्या आजूबाजूला खाजगी शेतजमीन आहे आणि वाघ ती सीमा मानत नाही. त्यामुळे सातबारा हातात आला की लगेच खुश व्हायचं नाही. भोगवटादार वर्ग-१ (विकायला मोकळी) आहे की २ (विक्रीवर सरकारी बंधन) ते बघा, आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ प्रमाणे कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीला जातच नाही, भाडेपट्टासुद्धा नाही, आणि कुणी "आपण बघून घेऊ" म्हणाला तर तिथून उठायचं. मग अकृषिक वापर, ग्रामपंचायतीचा ठराव, एमपीसीबीची (राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची) संमती. नियम बदलत राहतात, तेव्हा तहसीलमध्ये ताजं विचारायचं, मागच्या वर्षीच्या एजंटकडे नाही.

इको सेन्सिटिव्ह झोनचं (संरक्षित जंगलाभोवती बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्याचं) नोटिफिकेशन मात्र स्वतः बसून वाचा. अशा नोटिफिकेशनमध्ये सहसा एक ओळ असते की अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवीन हॉटेल-रिसॉर्ट नाही, फक्त इको-टुरिझमसाठी छोटं, तात्पुरतं बांधकाम चालतं. लोक या "तात्पुरतं" शब्दाचा फायदा घेऊन खाली आरसीसीचा स्लॅब टाकतात आणि वर कॅनव्हास ताणतात. वरून बघितलं तर तंबू, खालून बंगला. हे करू नका एवढंच माझं सांगणं आहे, पकडले जाल म्हणून नाही, तर तो स्लॅब तिथून परत कधी कुणी काढत नाही म्हणून.

आणि एक कागद असा जो बहुतेक जण बघतच नाहीत, तो म्हणजे गावाचं निस्तार पत्रक. आपल्या विदर्भात गावाला कुठल्या वाटेनं जायचा, कुठं गुरं पाजायचा, कुठून काय गोळा करायचा हक्क आहे त्याची त्यात नोंद असते. तुमच्या पाच एकरातून गावाची गुरं बोडीवर (छोट्या तळ्यावर) जात असतील तर ती वाट अडवायचा विचारसुद्धा मनात आणू नका.

जमीन वाचायची कशी

मी किमान चार वेळा जाते. एकदा मेच्या भर दुपारी, एकदा जुलैत धो धो पाऊस चालू असताना, एकदा ऑक्टोबरमध्ये गवत उंच असताना आणि एकदा मार्चच्या शेवटी पहाटे. यातली मार्चची फेरी कुणाला सुचत नाही म्हणून तीच आधी सांगते.

कोळारा बाजूच्या एका साइटवर क्लायंटला सगळ्यात मोठा तंबू एका प्रचंड मोहाच्या झाडाखाली हवा होता, सावली सुंदर, फोटो सुंदर, ड्रॉइंगसुद्धा जवळपास झालेलं. मार्चमध्ये पहाटे साडेपाचला गेलो तर झाडाखाली गावातल्या तीन बायका टोपल्या घेऊन बसलेल्या, रात्रभर गळलेली मोहफुलं वेचत होत्या, पिवळसर, रसरशीत, हातात घेतली की चिकटणारी, आणि तो गोड जड वास अख्ख्या शेतात पसरलेला. त्यातल्या आजी म्हणाल्या, "बाई, आमच्या आधी तो येऊन गेला." तो म्हणजे अस्वल. पाचोळ्यात बसल्याची जागा दिसत होती, आणि पलीकडच्या वारुळाला मोठं भोक पाडलेलं. म्हणजे त्या एका झाडावर तीन घरांची वर्षाची थोडी कमाई होती, अस्वलाचं खाणं होतं, आणि आम्ही तिथं किंग साइज बेड टाकणार होतो, ज्यात रात्री पाहुणे झोपणार आणि दहा फुटांवर अस्वल. तंबू साठ मीटर सरकवला. बायकांची वाट तशीच ठेवली, आजही त्या येतात.

तर पहिल्या नकाशावर तंबू काढायचेच नाहीत. त्यावर फक्त नको त्या जागा काढायच्या: मोहाची, तेंदूची, जुनी ढोली असलेली झाडं, वारुळं, नाल्याचे दोन्ही काठ, गुरांच्या आणि जनावरांच्या वाटा, बोडी. नाल्यापासून मी निदान पन्नास मीटर सोडते, कारण वाघ-बिबटे नाल्याच्या रेतीतूनच चालतात, पगमार्क बघितले की कळतं. जुलैच्या फेरीत पाणी कुठून वाहतं त्याला खुंट्या ठोकून ठेवायच्या. हे सगळं लाल रंगात भरलं की जे पांढरं उरतं त्यात तंबू. पाच एकरात बहुतेक वेळा सहा-सात, फार तर आठ बसतात. एकरी दोन ही माझी वरची मर्यादा आहे, आणि बिझनेस प्लॅनला वीस तंबू लागत असतील तर ती जमीन त्या प्लॅनसाठी नाही. आफ्रिकेतल्या बोत्स्वानात ओकावांगोच्या बाजूला हाच हिशोब देशाच्या धोरणात बसवलाय, पाहुणे कमी आणि दर जास्त, आणि कॅम्प लाकडी माचांवर (जमिनीपासून वर उचललेल्या फळ्यांच्या ओट्यांवर), उचलून नेता येतील असे. आपल्याकडे दर तिकडचे घेतात आणि खोल्यांची संख्या इकडची ठेवतात.

पाया

सिमेंट नको म्हटलं की सगळे लगेच ग्राउंड स्क्रू म्हणतात, लोखंडी मोठा स्क्रू जमिनीत फिरवायचा आणि त्यावर माच. मुरमाड जमिनीत उत्तम चालतं. पण काळी माती असेल तर सावधान, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि अख्खा स्क्रू वर-खाली ढकलते. एका साइटवर (माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी) आम्ही चार फुटांचे स्क्रू वापरले आणि दुसऱ्या वर्षी माचाचा एक कोपरा दीड इंच वर आला, दरवाजाची चेन लागेना, बाथरूमचा उतार उलटा झाला. तेव्हापासून आधी चार-पाच ठिकाणी खड्डे खणून मुरूम किती खाली लागतो ते बघते, स्क्रू मुरमात नीट रुतला पाहिजे, आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर फिरवून उंची जुळवता येईल असा जॅक ठेवते, म्हणजे दर ऑक्टोबरला लेव्हल ट्यूब घेऊन माच परत सरळ करता येतो. काळी माती फारच खोल असेल तर तिथं तंबूच घेऊ नका, ती जागा गवताला ठेवा.

माच जमिनीपासून अडीच फूट वर आणि खालून पूर्ण मोकळा. कमी उंची ठेवली तर खाली अंधारी पोकळी होते, त्यात साप राहतो, कुत्री पिल्लं घालतात, आणि कुत्र्यामागे बिबट्या येतो. खाली सामान अजिबात ठेवायचं नाही, इकडून बघितलं तर पलीकडचं दिसलं पाहिजे.

माचासाठी बांबू वापरायचा असेल तर चंद्रपूरसारखी जागा नाही, चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रच आहे, आणि आजूबाजूच्या गावांत बुरूड कारागीर आहेत ज्यांचे हात आपल्या ड्रॉइंगपेक्षा हुशार आहेत. मानवेल बांबू भरीव असतो, ताकदीला तो घ्या, कटांग जाड पण पोकळ. बांबू पक्का झालेला, पावसाळ्यानंतर तोडलेला आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून वाळवलेला पाहिजे, नाहीतर दोन वर्षांत भुंगा त्याचं पीठ करतो. आणि बांबू कधीही थेट मातीला टेकवायचा नाही, खाली दगड किंवा लोखंडी बूट, म्हणजे वाळवी वर चढताना आपल्याला दिसते.

तंबू: खरी परीक्षा मे महिना

कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, म्हणजे सीझन ऑक्टोबर ते जून, आणि सगळ्यात जास्त बुकिंग एप्रिल-मेमध्ये, कारण पाणी आटतं आणि वाघ पाणवठ्यावर येतो. त्याच वेळी चंद्रपूरला पारा ४५-४६ च्या पुढे. तेव्हा डिसेंबरमध्ये बसून निवडलेला तंबू मेमध्ये फसतो.

मी एकदा दुपारी तीन वाजता एकेरी कापडाच्या तंबूत थर्मामीटर टांगून बसले होते. बाहेर सावलीत ४५, आत ५१. कापडाला आतून हात लावला तर तव्यासारखं. त्याच साइटवर दुसऱ्या तंबूवर आम्ही दीड फूट वर वेगळी फ्लाय, म्हणजे दुसरं कापडी छप्पर, ताणली, दोन्ही टोकं उघडी, म्हणजे मधली गरम हवा वाहून जाते, तर आत ४६ च्या आसपास राहिलं. म्हणजे पाच अंश नुसत्या सावलीनं आणि हवेनं कमी झाले, एक युनिट वीज न जाळता. म्हणून फ्लायवर काटकसर करू नका. फ्लाय तंबूच्या चारही बाजूंनी निदान चार फूट बाहेर यावी, फिकट रंगाची असावी. मुख्य कापड कॉटन किंवा पॉलीकॉटन कॅनव्हास, श्वास घेणारं, आगरोधक प्रक्रिया केलेलं, पीव्हीसीचं ताडपत्रीछाप कापड स्वस्त पडतं पण आत घाम सुटतो आणि आयुष्य संपलं की त्याचं काय करायचं हा प्रश्न उरतो.

दिशा: लांब बाजू उत्तर-दक्षिण बघणारी, पडवी उत्तरेला, पश्चिमेला बाथरूम किंवा कपाट, म्हणजे संध्याकाळचं ऊन झोपायच्या जागेवर येत नाही. पश्चिमेच्या कनातीला (कापडी भिंतीला) आम्ही तीन थर देतो, बाहेर कॅनव्हास, मधे जाड नमदा (दाबून केलेलं लोकरीचं कापड), आत खादी, टाके घालून, अगदी गोधडीसारखं. गावातल्या बायकांच्या गटानं ते शिवलं आणि मशीनवाल्यांपेक्षा नीट शिवलं.

आता एसी. लक्झरी म्हटलं की पाहुणा मागणारच, आणि मेमध्ये त्याला नाही म्हणणं मलाही बरोबर वाटत नाही, लहान मुलं येतात, म्हातारी माणसं येतात. पण अख्खा तंबू गार करणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. म्हणून आत बेडपुरती दहा बाय बाराची छोटी खोली करायची, त्याच गोधडी कनातींची, छतासकट, आणि फक्त तिला एक टनाचा इन्व्हर्टर एसी. बाकीच्या भागाला पंखा आणि वाळ्याच्या ताट्या. वाळ्याचा तो ओला वास पाहुण्यांना कुठल्याही रूम फ्रेशनरपेक्षा जास्त आवडतो, अनुभवानं सांगते. कूलर मात्र मोजून लावा, तो तासाला कितीतरी लिटर पाणी पितो आणि पाणी तेव्हाच नसतं.

हिशोब करून बघा: आठ तंबू, रात्री आठ तास, तासाला पाऊण ते एक युनिट, म्हणजे एसीलाच ४८ ते ६४ युनिट. एक किलोवॅट सोलर दिवसाला साधारण चार युनिट देतं, तर फक्त एसीसाठी १२ ते १६ किलोवॅट, आणि किलोवॅटला दहा चौरस मीटर जागा. ही जागा झाडं तोडून करायची नाही, पार्किंगच्या छपरावर आणि किचनच्या छपरावर बसवायची, तिथं जेवढं बसतं तेवढेच एसी. हे उलटं धरलं की सगळं फसतं आणि मग मागच्या दारानं जनरेटर येतो. महावितरणची लाइन बॅकअपला ठेवा, जनरेटर ठेवावाच लागला तर आवाजबंद पेटीत आणि गावापासून, नाल्यापासून लांब.

वादळ विसरू नका. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर अचानक जे वारं सुटतं ते कापड नाही, खांब उपटून नेतं. नागपूरसाठी बांधकामाच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ मध्ये, वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरलाय, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर, आणि तंबूच्या सांगाड्याचं गणित इंजिनिअरकडून त्यावरच करून घ्या. तणावे (तंबू ताणून धरणारे दोर) थेट माचाच्या लोखंडी चौकटीला, मातीतल्या मेखांच्या भरवशावर नाही. आणि प्रत्येक तणावा दर आठवड्याला कुणी ताणायचा त्या माणसाचं नाव ठरलेलं पाहिजे.

पाणी आत, पाणी बाहेर

आठ तंबूंत सोळा पाहुणे, माणशी २०० लिटर, म्हणजे ३२०० लिटर. स्टाफ सोळा धरला तर माणशी १०० प्रमाणे १६००. किचन आणि चादरी-टॉवेल धुण्याचे दोन हजार. दिवसाला सहा-सात हजार लिटर. आता मेमध्ये गावातल्या हापशाला रांग लागलेली असताना तुमची बोअर एवढं ओढणार का, हा प्रश्न बोअर मारायच्या आधी विचारायचा. बोअरची टेस्ट मेमध्येच करा, आणि शेजारच्या विहिरीची पातळी त्या वेळी किती उतरते ते मोजा. उतरत असेल तर तुमचा आकडा कमी करायचा, विहीर खोल करायचा सल्ला गावाला द्यायचा नाही.

छपराचं पाणी साठवा. ३०० चौरस मीटर पक्कं छप्पर आणि वर्षाला ११०० मिलिमीटर धरला तर वाया जाणारं सोडून अडीच लाख लिटरच्या वर मिळतं. सगळं साठवायला टाकी परवडत नाही, पण पन्नास हजाराची टाकी भरा आणि बाकीचं बोअरच्या बाजूला जिरवा. स्विमिंग पूल मी करत नाही. त्या जागी सावलीतलं पाय बुडवायचं छोटं दगडी कुंड करते, संध्याकाळी पाहुणे तिथंच बसलेले असतात.

पिण्याच्या पाण्याची फ्लोराइड टेस्ट नक्की करा, जिल्ह्यात काही भागांत ते जास्त आहे, लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत हवं. आरओ लावला तर त्याचं टाकाऊ पाणी भांडी-फरशीला वापरा, आणि प्लास्टिकच्या बाटल्या गेटच्या आत येऊ देऊ नका, काचेच्या भरून द्या, जिप्सीतसुद्धा.

सांडपाणी: किचनचं पाणी आधी तेल अडवणाऱ्या टाकीतून, मग संडासाच्या सेप्टिक टँकचं पाणी आणि हे दोन्ही मिळून गिट्टीच्या वाफ्यात, दोन फूट खोल, खाली पाणी न झिरपणारं अस्तर, वर कर्दळ आणि पाणकणीस. एवढ्या कॅम्पला साठ-सत्तर चौरस मीटर वाफा लागतो. पाणी गिट्टीच्या खालूनच वाहायला हवं, वर दिसलं की डास. विहीर आणि नाल्यापासून निदान तीस मीटर. त्यातून निघालेलं पाणी झाडांना, पण ब्लीच आणि उग्र फिनाइल वापरलं तर वाफा मरतो, त्यामुळे हाउसकीपिंगवाल्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवा.

उष्टं-खरकटं झाकणाच्या, कडी लागणाऱ्या खोलीत. उघडा कंपोस्ट खड्डा म्हणजे रानडुकरांना आमंत्रण, डुकरांमागे वाघ. वानरांना एकदा पोळी मिळाली की तो कॅम्प कायमचा त्यांचा.

रात्र

दिवे गुडघ्याच्या खाली, तोंड जमिनीकडे, पिवळट, सेन्सरवर. झाडांवर फोकस मारायचे नाहीत, बोडीवर तर मुळीच नाही. अंधार पडल्यावर पाहुणा एकटा चालणार नाही, गावातला एक माणूस टॉर्च घेऊन सोडायला जाईल, आणि हे बुकिंगच्या वेळीच सांगायचं. भोवती काटेरी तार किंवा करंटची तार नको, आमच्या भागात शेताच्या तारेत करंट सोडून किती जनावरं आणि माणसं गेलीत ते इथल्या कुणालाही विचारा. तंबूभोवती दहा फूट गवत कापलेलं आणि पाचोळा झाडलेला, एवढं पुरतं.

वणव्याचं वेगळं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखाली पाचोळा पेटवतात आणि तो पसरतो. जमिनीच्या कडेनं वीस फुटांची जाळरेषा (आग अडवणारी मोकळी पट्टी) फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत साफ करा, दोन तंबूंमध्ये पंचवीस मीटर ठेवा, आणि मोहाखाली जाळ्या अंथरायला गावाला जाळ्या तुम्हीच घेऊन द्या, मग जाळायची गरजच पडत नाही. शेकोटी उन्हाळ्यात बंद.

माणसं

स्टाफच्या खोल्या सगळ्यात शेवटी आणि पत्र्याच्या होतात, हे बघून मला खरंच राग येतो. जो माणूस पाहुण्याला गार टॉवेल देतो तो रात्री पत्र्याखाली भाजतो. माझ्या ड्रॉइंगमध्ये स्टाफची इमारत पहिली असते, कुडाच्या जाड भिंती, कौलं, दोन्हीकडून वारा. जेवण इथलंच ठेवा: जवसाची चटणी, अंबाडी, लाखोळीची डाळ, आणि भात एचएमटीचा, जो नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात निवडून निवडून तयार केला. हे ताटात वाढताना सांगितलं की पाहुणा जिल्ह्याचं नाव वाघाशिवायही लक्षात ठेवतो. भाजी, तांदूळ, दूध चालत जाता येईल एवढ्या अंतरावरून घ्या आणि पैसे त्याच आठवड्यात द्या.

उतरवणं

३० जूनला शेवटचा पाहुणा गेला की तंबू काढायचे, पण पाऊस बहुतेक आधीच आलेला असतो, आणि ओला कॅनव्हास गुंडाळला तर दहा दिवसांत काळी बुरशी. म्हणून कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबा, कनाती दोरीवर वाळवा, ब्रशनं झाडा, मग गुंडाळून जमिनीपासून वर असलेल्या हवेशीर खोलीत, उंदरांपासून लांब. प्रत्येक खांबाला, कनातीला, तणाव्याला नंबर पाडलेला पाहिजे, त-३ उत्तर, त-३ पश्चिम असं. डिझाइन करतानाच मी अट घालते की चार माणसं आणि एक ट्रॅक्टर यांनी एक तंबू माचासकट एका दिवसात उतरवता आला पाहिजे, आणि पहिल्याच वर्षी एक तंबू खरंच तसा उतरवून बघतो, माचासकट, स्क्रू उलटे फिरवून.

मग ऑगस्टमध्ये परत जायचं, कॅम्प रिकामा असताना. जिथं माच होता तो चौकोन शोधायचा. भोवतालचं गवत कमरेला आणि तो चौकोन उघडा, कडक असेल तर पुढच्या वर्षी तंबू तिथं उभा करायचा नाही, जागा बदलायची, माती भुसभुशीत करून आजूबाजूच्याच गवताचं बी टाकायचं. गेल्या ऑगस्टमध्ये आठपैकी पाच चौकोन मला सापडले नाहीत, स्क्रूच्या जागा नकाशावरून मोजाव्या लागल्या. उरलेले तीन या ऑक्टोबरला सरकवतोय.